तोल फक्त तिनेच का सांभाळायचा?

२०२५ च्या जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, आमच्या प्रयोगशाळेत एक चिनी विद्यार्थिनी दहा आठवड्यांच्या प्रकल्पासाठी आली होती. जीवशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला, वय वीस-एकवीस. काम नेटके, नोंदवही स्वच्छ. महिनाअखेरीस तिने दोन दुपारी सुट्टी मागितली. कारण विचारले तर संकोचून म्हणाली, "नाचाची तालीम आहे." चिनी नववर्षाच्या कार्यक्रमात तिचा एकटीचा नाच होता. मी सुट्टी दिली, पण देताना एक वाक्य बोललेच: "ठीक आहे, पण तू इथे नक्की कशासाठी आली आहेस ते एकदा ठरव."

हे वाक्य माझे नव्हते. पुण्यात दहावीच्या निकालानंतर माझे कथक थांबले, तेव्हा घरात हेच वाक्य थोड्या वेगळ्या शब्दांत बोलले गेले होते. तीस वर्षांनी, दक्षिण गोलार्धात, मी ते जसेच्या तसे दुसऱ्याच्या मुलीला ऐकवले. त्याची खंत वाटली म्हणून हा लेख.

नंतर एकदा डबा खाताना मी तिला तिचा नेहमीचा आठवडा कसा असतो ते विचारले. तो हिशेब मांडून पाहू. न्यूझीलंडमध्ये पूर्णवेळ अभ्यासक्रम वर्षाला १२० पॉइंटचा असतो आणि एका पॉइंटला साधारण १० तासांचा अभ्यास धरलेला असतो. म्हणजे वर्षाला १२०० तास. सत्र चालू असताना आठवड्याला सुमारे ४० तास. त्यावर एका खानावळीत २० तास काम, कारण विद्यार्थी व्हिसावर तेव्हा तेवढीच परवानगी होती (नोव्हेंबर २०२५ पासून ती २५ तास झाली आहे). त्यावर १२ तास नाच. एकूण ७२ तास. 'वेळेचे नियोजन कर' असा सल्ला आपण अशा मुलांना सहज देतो. पण या ७२ तासांतले अनावश्यक तास कोणते? आपले बोट लगेच त्या १२ तासांकडे जाते. खानावळीतल्या २० तासांकडे कोणाचेच जात नाही.

खरा प्रश्न इथे आहे. नाचून तिला चार पैसे मिळू शकले असते. शनिवारी लहान मुलांना शिकवण्यासाठी तिला विचारणा झाली होती, कार्यक्रमाच्या आयोजकांनीही मानधन देऊ केले होते. तिने दोन्ही नाकारले. विद्यार्थी व्हिसावर इथे स्वयंरोजगार करता येत नाही. काम करायचे ते मालकाशी रीतसर रोजगार-करार करूनच. आता नाचणाऱ्याला रोजगार-करार कोण देतो? कलावंताचे बहुतेक काम कार्यक्रमागणिक आणि मानधनावर चालते. त्यामुळे वीस तास भांडी घासणे कायद्यात बसते, आणि जे ती वयाच्या सहाव्या वर्षापासून शिकली त्याचे दोन तासांचे पैसे घेणे बसत नाही. हा नियम कलेच्या विरोधात केलेला नाही, हे मला मान्य आहे. विद्यार्थ्यांची पिळवणूक होऊ नये, कामाचा हिशेब राहावा, हा हेतू रास्तच आहे. पण नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नाचणारी विद्यार्थिनी नव्हती एवढे नक्की.

याला थोडा इतिहास आहे. १९५० च्या दशकात कोलंबो योजनेखाली आशियातून जे विद्यार्थी इथे आले ते शिष्यवृत्तीवर आले. त्यांच्याकडे पाहुणे म्हणून पाहिले जाई. १९८९ च्या कायदेबदलानंतर विद्यापीठांना परदेशी विद्यार्थ्यांकडून पूर्ण शुल्क घेण्याची मुभा मिळाली, आणि पाहुण्याचा ग्राहक झाला. स्थानिक विद्यार्थ्याला सरकारी कर्ज मिळते, देशात राहिल्यास २००६ पासून त्यावर व्याजही नाही. माझ्या विद्यार्थिनीला यातले काही नाही. शुल्क मात्र स्थानिकांच्या कित्येक पट. चिनी माणसाकडे केवळ पैसा किंवा श्रम म्हणून पाहण्याची खोड या देशाला जुनी आहे. १८८१ मध्ये चिनी स्थलांतरितांवर १० पौंडांचा डोईकर बसवला गेला, १८९६ मध्ये तो १०० पौंड झाला आणि १९४४ पर्यंत कायद्यात राहिला. त्याबद्दल सरकारने २००२ मध्ये जाहीर माफी मागितली, हे या देशाचे मोठेपण. पण माफीनंतरही नजर बदलायला वेळ लागतो.

गंमत म्हणजे नाच हे ज्ञान आहे, हे याच देशाने मान्य केलेले आहे. 'ते आओ हाका' हा माओरी प्रयोगकलांचा विषय शाळांच्या एनसीईए परीक्षेत रीतसर आहे. वेलिंग्टनमध्ये १९६७ पासून राष्ट्रीय नृत्यशाळा आहे. बीजिंगमध्ये शिकलेला छी हुआन रॉयल न्यूझीलंड बॅलेचा प्रमुख नर्तक झाला. तोआ फ्रेझरच्या 'जिझेल' (२०१३) या चित्रपटात नायक तोच आहे. म्हणजे पूर्णवेळ नर्तक म्हणून आलेल्या चिनी माणसाला इथे मान आहे. अडचण होते ती जिला दोन्ही हवे आहे तिची.

आणि दोन्ही हवे असणे यात जगावेगळे काय आहे? ली त्सुनशिनचे उदाहरण घ्या. शानदोंगमधल्या गरीब शेतकरी घरातला हा मुलगा १९७९ मध्ये शिकायला ह्यूस्टनला गेला, पुढे मेलबर्नला ऑस्ट्रेलियन बॅलेत नाचला. नाचत असतानाच त्याने अर्थव्यवहाराचा अभ्यास केला, शेअर दलाल झाला, आणि २०१२ मध्ये क्वीन्सलँड बॅलेचा कलासंचालक म्हणून परत आला. आपल्याकडच्या कनक रेळे घ्या. मुंबईत कायद्याची पदवी, मँचेस्टरमध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याची पदविका, आणि आयुष्य वाहिले मोहिनीअट्टमला. नृत्यात पीएचडी मिळवली, आणि त्यांनी उभ्या केलेल्या नालंदा नृत्यकला महाविद्यालयामुळे मुंबई विद्यापीठाची नृत्याची पदवी घेता येऊ लागली. या माणसांनी 'एकदा काय ते ठरव' हा सल्ला ऐकला असता तर?

इथे काही वाचक म्हणतील, नाचामुळे एकाग्रता वाढते, अभ्यासाला मदतच होते, असे सांगा ना. मी तसे सांगणार नाही. नाच अभ्यासाला उपयोगी पडतो म्हणून चालवून घ्यायचा, ही त्याची खालची जागा कायम ठेवण्याचीच रीत आहे. महाराष्ट्रात शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांसाठी दहावीला वाढीव गुण मिळतात. चांगलेच आहे. पण गुण पदरात पडल्यावर क्लास बंद, हा अनुभवही आपलाच आहे.

इथल्या मराठी घरांतही वेगळे काय चालते? वेलिंग्टनमध्ये विवेक किन्रा यांची 'मुद्रा' ही भरतनाट्यमची शाळा १९९० पासून आहे. अशा वर्गांत आपल्या मुली हौसेने जातात. अरंगेत्रमला आपण खर्च करतो, फोटो भारतात पाठवतो. मग विद्यापीठाचे पहिले वर्ष येते आणि घुंगरांचा डबा कपाटावर जातो. नाच संस्कृती टिकवण्यासाठी हवा, पण मुलीच्या आयुष्यात तो तिचे काम म्हणून नको. गणेशोत्सवात नाचणाऱ्या मुलींना आपण काय देतो? पुष्पगुच्छ, टाळ्या, आणि 'खूप छान नाचलीस हं'. त्याच मंचावर ध्वनियंत्रणेवाल्याचे बिल मात्र बिनतक्रार चुकते होते. मंडळाच्या समितीवर मी तीन वर्षे होते. हा प्रश्न मीही एकदासुद्धा विचारला नाही.

तर काय करता येईल? मला तीन गोष्टी सुचतात. एक, विद्यार्थी व्हिसाच्या मंजूर तासांच्या आत मानधनावर कलेचे काम करण्याची मुभा मिळावी, अशी मागणी आपण चिनी, फिलिपिनो आणि पॅसिफिक संस्थांबरोबर मिळून करावी. तास तेच, फक्त कामाचा प्रकार वाढेल. दोन, तोपर्यंत आपल्या कार्यक्रमांतल्या ज्या कलावंतांना कायद्याने मानधन घेता येते त्यांना ते द्यावे, आणि अंदाजपत्रकात त्याची वेगळी ओळ असावी. तीन, आमच्यासारख्या मार्गदर्शकांनी तालमीची रजा ही क्रिकेटच्या सामन्याच्या किंवा रग्बीच्या सरावाच्या रजेसारखीच मानावी, भुवया न उंचावता.

त्या वर्षीचा कार्यक्रम मी पाहायला गेले. लांब बाह्यांचा चिनी शास्त्रीय नाच होता. ही शैली आज दिसते त्या रूपात १९५० च्या दशकात, जुन्या ऑपेरातून वेचून, बीजिंगच्या नृत्यशाळेत घडवली गेली. आपल्या भरतनाट्यमची विसाव्या शतकातली नवी मांडणी त्याआधी थोडीच वर्षे झालेली. सात-आठ मिनिटांचा नाच. संपल्यावर ती घामाघूम होऊन भेटली आणि पहिलेच वाक्य बोलली, "मॅडम, उद्या मी नऊ वाजता येते, कल्चर बदलायचे आहेत."

आली, नऊला पाच कमी असताना. मी तिची माफी मागितली. तिला कशाबद्दल ते नीट कळले नसावे. आपल्या घरातल्या मुलींना मात्र ते कळेल, आणि काहींना ती माफी आपणच देणे लागतो.