पाण्याची ऊब आणि मत्स्यबीजाचे वेळापत्रक

पूर्व विदर्भातील तलावांवर ढीवरांच्या सहकारी संस्था मासळी वाढवतात. तिच्या उत्पादनाची चर्चा निघाली की खाद्य, जाळी, कर्ज आणि ठेक्याची रक्कम एवढ्यांचाच हिशेब मांडला जातो. पाण्याची ऊब त्यात कधी येत नाही. जे फुकट मिळते त्याला किंमत नसते, ही बाजारी समजूत आपल्याही अंगवळणी पडली असावी. वस्तुतः रोहू, कटला, मृगळ यांच्या पिलांची वाढ बऱ्याच अंशी या उबेवरच ठरते.

मासा शीतरक्ताचा प्राणी. भोवतालच्या पाण्याचे तापमान तेच त्याच्या देहाचे. पाणी २५ ते ३० अंश सेल्सिअस असताना पिलू भरपूर खाते, पचवते, झपाट्याने वाढते. पारा २० च्या खाली उतरला की त्याची भूक मंदावते; मग टाकलेला कोंडा आणि पेंड तळाशी कुजून पाणी नासते. अतिरेकी उष्माही हिताचा नाही. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात ७.५, आणि पिलाची गरज तर उबेबरोबर वाढत जाते. मे महिन्यात आटलेल्या तलावात पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडतात ते याचमुळे.

या जातींचा प्रजननकाळ पावसाळ्याचा. हिरालाल चौधुरी यांनी १९५७ साली ओडिशात अंगुल येथे पोषग्रंथीच्या अर्काने प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून नदीतले बीज गोळा करण्यावाचून गत्यंतर नाही ही स्थिती पालटली. ऋतू मात्र पालटला नाही. जिऱ्यापासून बोटुकली होण्यास अडीच-तीन महिने लागतात. जुलैच्या आरंभी जिरे हाती आले तर थंडीपूर्वी बोटुकली तलावात पडते आणि उबेचे काही आठवडे तिच्या वाट्याला येतात. तेच बीज सप्टेंबरात पोचले तर पिलू इंचभर असतानाच डिसेंबरचा गारठा त्याला गाठतो. ते तसेच खुरटते, मरळीच्या तोंडी पडते. उन्हाळ्यात वाढीचे दिवस परततात तोवर धानाला सोडलेल्या पाण्याने तलाव उतरलेला असतो. संस्थेला लहान मासळी काढून मिळेल त्या भावाने विकावी लागते.

ज्याच्याकडे स्वतःची संगोपन तळी आहेत त्याची गोष्ट निराळी. तो आदल्या वर्षीची बोटुकली दाटीने राखून ठेवतो आणि पहिल्या पावसाबरोबर मोकळ्या पाण्यात सोडतो. तलाव तोच, ऊन तेच. परंतु वाढीचा काळ त्याला जवळजवळ दुप्पट मिळतो. भांडवलाचे सामर्थ्य येथे काळ विकत घेण्यात दिसते. ढीवर आळशी आहेत, संस्था नालायक आहेत, असे सांगणाऱ्यांनी (असे सांगणारे आपल्या सभांतही भेटतात) बीज कोणत्या तारखेला मिळाले एवढे तरी विचारावे.

ठेक्याची रक्कम उबेचे दिवस मोजत नाही. म्हणून संस्थांची मागणी केवळ बीजाच्या संख्येपुरती राहू नये. पुरवठ्याची अखेरची तारीख करारात लिहिलेली हवी, उशीर झाल्यास त्या प्रमाणात ठेक्यात सूट हवी, आणि मोठ्या तलावालगत संगोपन तळी खोदण्याचे काम रोजगार हमीतून घेऊन ती संस्थेच्याच ताब्यात द्यावीत. तोपर्यंत निदान एक साधा तापमापक घेऊन रोज सकाळ-दुपारची नोंद ठेवण्यास कोणाच्या मंजुरीची गरज नाही. सुटीच्या अर्जाला तीच वही जोडता येईल.