जामीनदार नसलेल्या पैशाचा कोड उघडा हवा

एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी वनकॉइन नावाच्या आभासी चलनाच्या प्रचारसभेवर कारवाई करून १८ जणांना अटक केली. बल्गेरियातल्या सोफिया शहरातून रुजा इग्नातोवा हिने २०१४ मध्ये सुरू केलेले हे नाणे बिटकॉइनला मागे टाकणार, असे सांगून जगभर विकले जात होते. त्याचा भाव बाजारात नव्हे, कंपनीच्या कार्यालयात ठरत होता. अर्धा युरो इथून सुरू झालेला हा आकडा पुढे ३० युरोच्या जवळ पोहोचला. नवी नाणी कशी तयार होतात, व्यवहारांची नोंद कुठे राहते, हे दाखवणारा कोड मात्र बाहेरच्या कुणालाही पाहता येत नव्हता. नॉर्वेतील तंत्रज्ञ बियॉर्न बियेर्के यांना २०१६ मध्ये वनकॉइनसाठी ब्लॉकचेन, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींची साखळी, उभारण्याच्या नोकरीबद्दल विचारणा झाली, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की तोवर ब्लॉकचेन अस्तित्वातच नव्हती. अमेरिकी सरकारी वकिलांच्या हिशेबाने यात लोकांचे ४ अब्ज डॉलरहून अधिक पैसे गेले. इग्नातोवा ऑक्टोबर २०१७ पासून बेपत्ता आहे.

याच्या सात वर्षे आधी, १५ ऑगस्ट २०१० रोजी, बिटकॉइनमध्येही भयंकर चूक उघडकीस आली होती. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर कधीच जाणार नाहीत, हा ज्या चलनाचा पाया, त्यात एका व्यवहाराने १८४ अब्ज नाणी निर्माण झाली. बेरजेचा आकडा ठरावीक मर्यादेबाहेर गेला की काय करायचे, याची तपासणी कोडमध्ये राहून गेली होती. पण साखळी सर्वांसमोर होती आणि कोडही. जेफ गार्झिक या प्रोग्रामरने विचित्र आकडा पाहून लगेच बोंब मारली, काही तासांत दुरुस्त आवृत्ती आली, ती बसवणाऱ्यांनी साखळीतला तो चुकीचा ब्लॉक नाकारला आणि ती नाणी इतिहासातून पुसली गेली.

क्रिप्टो चलनाचे सॉफ्टवेअर मुक्त असावे की एखाद्या कंपनीच्या मालकीचे, या वादात ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहायला हवीत. चूक दोन्हीकडे होऊ शकते. ती कोणाला दिसते, हा खरा प्रश्न आहे.

यावर एक रास्त शंका घेतली जाते. आपल्या बँकांचे सॉफ्टवेअर तरी कुठे उघडे असते? आपला पगार, निवृत्तिवेतन, मुदत ठेवी सगळे बंद कोडवरच चालते. खरे आहे. पण त्या बंद कोडमागे जामीनदार उभा असतो. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत एचडीआयएल या बांधकाम समूहाची कर्जे लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती वापरली गेल्याचे २०१९ मध्ये पुढे आले. मुंबईतल्या ठेवीदारांनी त्या काळात जे सोसले, ते विसरता येणारे नाही. तरीही दाद मागायला रिझर्व्ह बँक होती, पुढे पाच लाखांपर्यंत वाढलेले ठेव विमासंरक्षण होते, शेवटी जानेवारी २०२२ मध्ये दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झाले. बिटकॉइन किंवा इथर यांच्यामागे असे कोणीही नाही. तिथे कोड हाच करार, तोच हिशेबनीस आणि तोच जामीनदार. जामीनदाराचे तोंडच पाहायला मिळणार नसेल, तर माणूस सही कशाच्या भरवशावर करतो?

अशाच न पाहिलेल्या कोडच्या भरवशावर चाललेल्या एफटीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजचे दिवाळे नोव्हेंबर २०२२ मध्ये वाजले. त्याच्या कोडचा तपशील पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या न्यायालयात आला आणि तो प्रत्येक गुंतवणूकदाराने वाचावा असा आहे. सहसंस्थापक गॅरी वांग यांनी साक्षीत सांगितले की, अलामेडा या भगिनी कंपनीला खात्यात पैसे नसतानाही उचल करता यावी, अशी सोय कोडमध्ये करून ठेवली होती. तिची उधारीची मर्यादा पुढे ६५ अब्ज डॉलरपर्यंत नेली गेली. संकेतस्थळावर ग्राहकांना दाखवला जाणारा विमा निधीचा आकडाही खरा नव्हता. दिवसाच्या उलाढालीला एका यादृच्छिक संख्येने गुणून आणि मग भागून तो तयार केला जाई. ही काही हॅकिंगची करामत नव्हती. त्या कंपनीच्या माणसांनी त्या कंपनीसाठी लिहिलेल्या साध्या ओळी होत्या. बाहेरचा एक जाणकार त्या वाचू शकला असता, तर लाखो लोकांचे पैसे बुडण्याआधी प्रश्न विचारले गेले असते.

म्हणून ज्या सॉफ्टवेअरच्या हाती लोकांचे पैसे आहेत आणि ज्याच्यामागे दुसरा कोणी उभा नाही, ते वाचायला खुले असलेच पाहिजे. इथे तडजोडीला जागा दिसत नाही.

पण ओपन सोर्सची पाटी लावली की काम झाले, असे मानणारे स्वतःची फसवणूक करून घेतात. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे १.५ अब्ज डॉलर किमतीचे इथर चोरीला गेले. एफबीआयने त्याची जबाबदारी उत्तर कोरियाच्या हॅकरांवर टाकली. बायबिट वापरत असलेल्या सेफ या वॉलेटचा कोड गिटहब या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येत होता. हल्लेखोरांनी त्याला हातही लावला नाही. त्यांनी सेफच्या एका डेव्हलपरचा संगणक ताब्यात घेतला आणि ज्या सर्व्हरवरून वॉलेटचे पान ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये उतरते, तिथली जावास्क्रिप्ट फाइल बदलली. सह्या करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता. प्रत्यक्षात सही वॉलेटचा ताबाच देऊन टाकणाऱ्या आदेशावर होत होती. काम फत्ते झाल्यावर दोनेक मिनिटांत मूळ फाइल जागेवर परत आली.

त्याच्या सात महिने आधी, १८ जुलै २०२४ रोजी, मुंबईच्या वझीरएक्सवर याच जातीचा घाला पडला होता. सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपये गेले. एकाहून अधिक सह्या लागणारे ते वॉलेट होते. कंपनीच्या सह्या झाल्या, लिमिनल या वॉलेट सेवा देणाऱ्या संस्थेची सहीही झाली आणि पडद्यावर दिसलेला व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झालेला व्यवहार वेगळे निघाले. मग दोन्ही कंपन्यांनी एकमेकांकडे बोट दाखवले. दोष कोणाच्या यंत्रणेत होता, हे ज्यांचे पैसे गेले त्या ग्राहकांना स्वतः तपासण्याचा कोणताही मार्ग नव्हता. प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेले आणि भारतातले ग्राहक तिथल्या कागदपत्रांची वाट पाहत बसले. साखळीवरचा करार खुला, पण सही करण्याचा पडदा बंद, हा अर्धामुर्धा खुलेपणा किती महागात पडतो, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला यापेक्षा जवळून दिसणार नाही.

यावर तोडगा नाही असे नाही, आणि तो नवाही नाही. बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरचे डेव्हलपर दशकभराहून अधिक काळ एक नियम पाळत आले आहेत. नवी आवृत्ती आली की निरनिराळ्या ठिकाणचे लोक प्रसिद्ध झालेल्या कोडवरून आपापल्या संगणकावर चालणारी फाइल तयार करतात आणि ती शेवटच्या बाइटपर्यंत एकसारखी निघाली तरच सही करून तसे जाहीर करतात. २०२१ च्या २२.० या आवृत्तीपासून त्यासाठी गिक्स ही प्रणाली वापरली जाते. वाचलेला कोड आणि चाललेला कोड एकच आहे, याचा हा पुरावा. ब्राउझरमध्ये दर वेळी नव्याने उतरणाऱ्या पानाबाबत असा पुरावा देणे फार अवघड. म्हणूनच कोट्यवधींच्या सह्या अशा पानावर व्हायलाच नकोत. पडताळलेल्या, डाउनलोड करून ठेवलेल्या आवृत्तीवर व्हाव्यात.

बंद कोडच्या बाजूने जे बोलले जाते, त्यातले काही मुद्दे खरोखर वजनदार आहेत. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकेन सिक्युरिटी लॅब्सने दाखवून दिले की, ट्रेझर हे पूर्णपणे खुले हार्डवेअर वॉलेट पंधरा मिनिटे हातात मिळाले तर त्यातली, नाण्यांवर ताबा देणारी गुप्त की काढता येते. प्रतिस्पर्धी लेजरमध्ये अशा हल्ल्याविरुद्ध खास सुरक्षित चिप आहे, पण तिचा तपशील गोपनीय. मात्र मे २०२३ मध्ये लेजरने की तुकड्यांत बाहेर पाठवून जपण्याची सेवा जाहीर केली, तेव्हा ग्राहकांना धक्का बसला. की उपकरणाबाहेर जाऊच शकत नाही, असा त्यांचा समज होता, आणि बंद फर्मवेअरमुळे तो समज तपासायला वाव नव्हता. कंपनीला सेवा लांबणीवर टाकून कोडचा बराच भाग खुला करण्याचे वचन द्यावे लागले.

झीकॅश या चलनाचे उदाहरण त्याहून अवघड. मार्च २०१८ मध्ये एरियल गॅबिझोन यांना त्याच्या गणितात असा दोष सापडला की, कुणालाही नकळत अमर्याद खोटी नाणी पाडता आली असती. झीकॅशच्या संघाने तो मोजक्या लोकांपुरता ठेवला, ऑक्टोबरच्या नियोजित आवृत्तीत गुपचूप दुरुस्त केला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये जगाला सांगितला. तसे करणे बरोबरच होते. घराचे कुलूप तुटले असेल तर ते बदलेपर्यंत गावभर दवंडी पिटू नये. पण दुरुस्ती होईपर्यंतचे मौन वेगळे आणि कायमचा पडदा वेगळा. झीकॅशने पुढे सगळे तपशील प्रसिद्ध केले.

राहिला कष्टाच्या मोबदल्याचा मुद्दा. २०२० मध्ये युनिस्वॅप या कोडवर चालणाऱ्या एक्स्चेंजचा खुला कोड उचलून सुशीस्वॅप उभे राहिले आणि युनिस्वॅपचाच पैसा ओढू लागले. पुढच्या वर्षी युनिस्वॅपने तिसरी आवृत्ती आणली, तेव्हा कोड सर्वांना वाचायला ठेवला, पण व्यापारी वापरावर एप्रिल २०२३ पर्यंत बंदी घातली. मुक्त सॉफ्टवेअरच्या कट्टर पुरस्कर्त्यांना हे पटत नाही. पैसे ठेवणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर हा मार्ग चालण्याजोगा आहे. त्याला वाचण्याचा हक्क हवा. नक्कल करण्याचा हक्क हा व्यापाऱ्यांमधला वाद आहे.

शिवाय वाचणारे हवेत. २०१७ मध्ये बिटकॉइन कोअरमध्ये शिरलेला, नाणी फुगवू शकणारा दोष सप्टेंबर २०१८ पर्यंत कुणाच्याही नजरेस आला नाही. सापडला तो बिटकॉइन कॅश या प्रतिस्पर्धी चलनावर काम करणाऱ्या एका डेव्हलपरला, आणि त्याने तो गुपचूप कळवला. बंद कोड असता तर प्रतिस्पर्ध्याला तो वाचताच आला नसता, ही एक बाजू. वर्षाहून अधिक काळ तो तसाच पडून होता, ही दुसरी. कोड वाचणे हे कसबी आणि कंटाळवाणे काम आहे, त्याला पगार लागतो.

भारत सरकार आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर घेते, व्यवहारावर एक टक्का टीडीएस कापते. मार्च २०२३ पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आहेत, त्यांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. ग्राहकाची ओळख तपासण्याचे नियम त्यात आहेत. ग्राहकाने एक्स्चेंजचे सॉफ्टवेअर तपासण्याचेही हवेत. नोंदणीच्या अटीतच लिहावे की, ग्राहकांचे पैसे हलवणाऱ्या वॉलेटचा आणि सहीच्या पडद्याचा कोड प्रसिद्ध झाला पाहिजे, त्यावरून तयार केलेली फाइल बाहेरच्यांना पडताळता आली पाहिजे आणि दोष शोधणाऱ्याला ठरलेले बक्षीस मिळाले पाहिजे. खर्च एक्स्चेंजनी उचलावा आणि वाचनाचे काम आयआयटी मुंबईसारख्या संस्थांमधल्या संशोधकांना द्यावे. संगणक सुरक्षेवर काम करणारी माणसे आपल्याकडे आहेत. वझीरएक्सच्या चोरीचा संपूर्ण तांत्रिक अहवाल, दोन्ही कंपन्यांच्या पडद्यांच्या कोडसह, त्यांनी सर्वांत आधी हाती घ्यावा.