डेड स्टॉक रजिस्टर आहे, मग अपघात नोंदवही का नाही?

कुठल्याही कॉलेजच्या ऑफिसात जा आणि डेड स्टॉक रजिस्टर मागा. लगेच निघतं. पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेलं लाकडी स्टूल, त्याची किंमत, ते कुठल्या विभागात आहे, पाय कधी मोडला, निर्लेखन कधी झालं, सगळं लिहिलेलं असतं. आता दुसरा प्रश्न विचारा. त्याच स्टुलावर चढून पंखा पुसताना कोण पडलं होतं? किती दिवस घरी बसलं? दवाखान्याचं बिल कोणी भरलं? बहुतेक ठिकाणी सगळे एकमेकांकडे बघतील. कारण त्याचं रजिस्टरच नाही.

मित्रांनो, पोस्ट जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. आपल्या नगर जिल्ह्यात (कागदावर आता अहिल्यानगर) असा तालुका नाही जिथं कॉलेज नाही. प्रत्येकाच्या घरातलं किंवा भावकीतलं कोणीतरी कुठल्यातरी कॉलेजात शिपाई, क्लार्क, लॅब अटेंडंट, वॉचमन नाहीतर तासिका तत्त्वावर प्राध्यापक आहे. त्यामुळं हा विषय परका नाही.

"कॉलेजात कसले आलेत अपघात? तिथं काय बॉयलर आहे का?" हा पहिला प्रश्न येणारच. म्हणून आधी कामं बघू.

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकल तीन तासांचं. मुलं येतात, करतात, जातात. परिचर मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथंच. ॲसिड पातळ करायचं त्यानंच, बाटल्या धुवायच्या त्यानंच, एक्झॉस्ट फॅन बंद असला तर वास घ्यायचा तोही त्यानंच. फिजिक्सच्या लॅबमध्ये थर्मामीटर फुटला की पारा झाडूनं गोळा करायचा. खरं तर पारा झाडूनं कधीच गोळा करू नये, तो आणखी बारीक होऊन पसरतो आणि त्याची वाफ छातीत जाते. हे त्याला कोणी सांगितलंय?

प्राणिशास्त्राच्या कपाटात फॉर्मालिनच्या बरण्या. यूजीसीनं २०१४ मध्ये विच्छेदन बंद करायला सांगितलं, ते चांगलंच झालं. पण जुन्या बरण्या अनेक ठिकाणी अजून कपाटातच आहेत. त्यातलं फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ सालीच सांगून ठेवलंय. बरणीचं झाकण सैल झालं की नवं फॉर्मालिन ओतायला कोण जातं? विभागप्रमुख जात नाहीत.

संडास धुणाऱ्या मावशींचं बघा. डाग निघत नाहीत म्हणून ॲसिड टाकायचं, वास जात नाही म्हणून वरून ब्लीचिंग पावडर टाकायची. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू तयार होतो. खिडकी नसलेल्या खोलीत तो घसा आणि फुफ्फुसं जाळतो. मावशी खोकत बाहेर येतात, पाणी पितात आणि पुन्हा आत जातात. याला आपण "सवय झालीय त्यांना" म्हणतो.

ग्रंथालयात धूळ आणि डांबराच्या गोळ्या. वर्कशॉपमध्ये लेथ आणि ग्राइंडर, आणि गॉगल असतो तो साहेबांच्या कपाटात. कृषी महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर फवारणी. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. औषध मारणारा माणूस कॉलेजच्या मस्टरवर असला म्हणून विष त्याला सोडत नाही. हॉस्टेलच्या वॉचमनला रात्री गवतातून फेरी मारायची, तिथं घोणस निघते, आणि हातात काय तर मोबाईलची बॅटरी. ऑफिसातल्या ताई दिवसभर मोडक्या खुर्चीत बसून ऑनलाइन फॉर्म भरतात, पन्नाशीआधीच मान आणि कंबर जाते. सर शंभरावर पोरांच्या वर्गात माईकशिवाय ओरडून शिकवतात, घसा बसतो. एप्रिल-मेच्या परीक्षेत पत्र्याखालच्या खोलीत तीन तास उभं राहून पर्यवेक्षण. चक्कर आली तर म्हणायचं, "नाश्ता केला नसेल."

यातलं एकही काम मी कल्पनेनं रचलेलं नाही. तुमच्या कॉलेजात जाऊन मोजा.

आता आपल्या जिल्ह्याचीच एक गंमत बघा. देशातल्या सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ आपल्या प्रवरेला रोवली गेली, १९५० साली तिथं गाळप सुरू झालं. पुढं जिल्हाभर कारखाने झाले आणि कारखान्यांच्या आसऱ्यानं कॉलेजं झाली. बऱ्याच ठिकाणी दोन्हीकडं नेतृत्व एकच. पण कारखान्याला १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट लागू झाला. कामगार जखमी होऊन ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर सरकारला कळवायचं. हजार कामगार असतील तर सुरक्षा अधिकारी नेमायचा, असं त्या कायद्यात होतं. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा माणूस कधीही येऊन तपासू शकतो. दरवर्षी ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ. कारखान्यात सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही, पण निदान विचारणारं कोणीतरी आहे.

रस्ता ओलांडून त्याच नेतृत्वाच्या कॉलेजात या. इथंही ॲसिड आहे, गॅस सिलिंडर आहे, लेथ आहे, पाण्याची उंच टाकी आहे. फक्त विचारणारं कोणी नाही. ॲसिड तेच, हातही तसाच. कारखान्यात भाजला तर तो अपघात, कॉलेजात भाजला तर "जरा लागलं".

बरं, कॉलेजात तपासणी होत नाही असंही नाही. नॅकची समिती येणार म्हटलं की रंगरंगोटी होते. ग्रीन ऑडिट होतं, एनर्जी ऑडिट होतं. झाडं मोजतात, एलईडी बल्ब मोजतात. त्या रंगरंगोटीसाठी शिडीवर चढलेल्या माणसाच्या कमरेला दोर होता का, ते कोणी मोजत नाही.

आणि काही विपरीत घडलंच तर? नगरकरांना ६ नोव्हेंबर २०२१ आठवत असेल. जिल्हा रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता विभागात आग लागली, ११ रुग्णांचा जीव गेला. पुढं अटक कोणाला झाली? त्या वॉर्डातल्या डॉक्टर आणि परिचारिकांना. कोण दोषी, कोण निर्दोष हे कोर्टानं ठरवावं. पण त्यातून प्रत्येक कर्मचाऱ्यानं शिकावं असं काहीतरी आहे. वायरिंग, अग्निशमन यंत्रणा, त्यासाठीची मंजुरी आणि निधी, यातलं काहीच नर्सच्या हातात नसतं. तरी बोट आधी तिच्याकडं वळतं. उद्या कॉलेजच्या लॅबमध्ये आग लागली तर पहिली नोटीस परिचराला येईल. "आम्ही तीन वेळा सांगितलं होतं, वायर जळतेय" हे सिद्ध करायला त्याच्याकडं कागद हवा की नको? अपघात नोंदवही म्हणजे तो कागद.

बाहेर काय झालं तेही बघा. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून वापरात नसलेलं एक किरणोत्सर्गी यंत्र पडून होतं. २०१० मध्ये ते भंगारात विकलं. आत कोबाल्ट आहे याचा विचार झाला नाही. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं, अनेकजण आजारी पडले, एका कामगाराचा जीव गेला. यंत्र रजिस्टरमधून कमी झालं, धोका कमी झाला नाही. आपल्याकडच्या लॅबमध्ये लेबल निघून गेलेल्या किती बाटल्या असतील?

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात डिसेंबर २००८ मध्ये २३ वर्षांची एक संशोधन सहाय्यिका प्रयोग करताना पेटली आणि जानेवारीत गेली. तिच्या अंगावर संरक्षक कोट नव्हता. याच लॅबमध्ये लोक कोट घालत नाहीत, हे दोनच महिने आधी तपासणीत लिहिलं गेलं होतं. पण तिथं खटला भरला गेला तो प्राध्यापकावर आणि विद्यापीठावर. "मुलीचीच चूक" म्हणून फाइल बंद झाली नाही. फरक इथं आहे.

आता नेहमीची उत्तरं घेऊ.

"आम्ही ग्लोव्हज देतो, हेच लोक घालत नाहीत." एकच साइज, वर्षाला एक जोडी, मे महिन्यात हात घामानं भिजतो आणि बाटली निसटते. कोण घालेल? आणि ग्लोव्हज हा शेवटचा उपाय असतो. आधी धोकाच काढून टाका: तीव्र ॲसिडऐवजी पातळ केलेलं घ्या, पाऱ्याऐवजी डिजिटल थर्मामीटर आणा, एक्झॉस्ट चालू करा. विच्छेदन बंद झालं तेव्हा प्राणिशास्त्र बंद पडलं का? नाही ना.

"पैसा कुठाय?" वेतनेतर अनुदानाची रड खरी आहे, ती मी नाकारत नाही. प्राचार्यांचे हात अनेकदा बांधलेले असतात. पण दोनशे पानी रजिस्टरला शंभर रुपयेसुद्धा लागत नाहीत. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र करू नका, हे मराठीत लिहून संडासाच्या दारावर चिकटवायला किती लागतात? स्नेहसंमेलनाच्या मंडपातून एक कमान कमी केली तरी चांगली शिडी येते.

"तो आमचा माणूस नाही, एजन्सीचा आहे." हे सगळ्यात लबाड उत्तर. काम तुमचं, टाकी तुमची, हुकूम तुमचा, आणि पडला की माणूस एजन्सीचा! १९२३ च्या भरपाई कायद्यापासून तत्त्व चालत आलंय की नेहमीचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. आणि हॉस्टेलच्या सेप्टिक टाकीत माणूस उतरवायचा विचारही करू नका. २०१३ च्या कायद्यानं ते बंद आहे, आणि अशा मृत्यूला किमान ३० लाख रुपये भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २० ऑक्टोबर २०२३ ला सांगितलंय.

"आम्ही धर्मादाय संस्था, आम्हाला कामगार कायदे लागू नाहीत." १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं बंगळुरूच्या पाणीपुरवठा खटल्यात शिक्षणसंस्थासुद्धा 'उद्योग' ठरवल्या. मग १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात ठरलं की शिक्षक मात्र 'कामगार' नाहीत. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात नियुक्तीपत्र आहे, मोफत आरोग्य तपासणी आहे. पण औद्योगिक संबंध संहितेनं धर्मादाय कामातल्या संस्थांना 'उद्योगा'च्या बाहेर ठेवलंय. म्हणजे वकिलांना पुढची वीस वर्षं काम मिळालं. फी घेताना व्यवस्थापन, जबाबदारी आली की धर्मादाय! अहो, धर्म म्हणून संस्था काढली असेल, तर आपल्या दारातला माणूस धडधाकट घरी पाठवणं हा धर्म नाही का? त्यासाठी कलम कशाला लागतं?

म्हणून कायद्याची वाट न बघता आजच करता येईल असं सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ च्या कलम ९७ प्रमाणे प्रत्येक संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यात शिक्षकांचे निवडून दिलेले तीन प्रतिनिधी आणि शिक्षकेतरांचा एक असतो. वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात. म्हणजे चार लोक तुमचे आहेत. त्यांना गाठा आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे घ्यायला लावा:

१. अपघात व आजार नोंदवही. कायम, कंत्राटी, तासिका, एजन्सी, सगळ्यांसाठी एकच. "थोडक्यात वाचलो" तेही लिहायचं. तारीख, जागा, काय झालं, काय दुरुस्त केलं. लिहिणाऱ्यावर कारवाई नाही, असा ठराव सोबत.

२. वर्षातून दोनदा पूर्ण परिसराची फेरी. लॅब, गच्ची, टाकी, स्वच्छतागृह, हॉस्टेल, वर्कशॉप. फेरीत परिचर आणि सफाई कर्मचारी हवेतच, कारण धोका कुठं आहे हे त्यांना पाठ असतं.

३. बिनलेबलच्या बाटल्या, जुनं फॉर्मालिन, पारा यांची यादी करून योग्य विल्हेवाट. मोरीत ओतणं म्हणजे विल्हेवाट नव्हे.

४. एजन्सीशी करार करताना विमा, बूट, मास्क आणि प्रशिक्षण यांचं कलम. आणि ते दिलं का, याची सही कामगाराची घ्या, ठेकेदाराची नको.

५. कामावर लागलं तर पहिल्या दिवसाचा दवाखाना कॉलेजचा. पगार कापायचा नाही. तासिकावाल्या सरांनाही हेच.

यातल्या पहिल्या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त अडून बसेन. बाकीचे चार त्यातूनच येतील. वर्षभरात एकाच जिन्यावर तिघे घसरले हे लिहिलेलं असलं की जिना दुरुस्त करावाच लागतो. लिहिलेलं नसलं की तिघेही "बघून चालत नाहीत" असं ठरतं. संस्थाचालकांना नोंदवहीची भीती वाटते ती याचमुळं. आणि नेमकी म्हणूनच ती हवी.

शिक्षक संघटनांनाही एक विनंती. सातव्या वेतन आयोगासाठी तुम्ही रस्त्यावर उतरलात, बरोबरच केलंत. एकदा संडास धुणाऱ्या मावशींच्या हातमोज्यांसाठीही बैठकीत उभे राहा. तुमचा आवाज तिथं पोचतो, त्यांचा पोचत नाही.

पटलं तर पोस्ट पुढं पाठवा, आपल्या कॉलेजच्या ग्रुपवर टाका. तुमच्याकडं अशी नोंदवही असेल तर कमेंटमध्ये कॉलेजचं नाव अभिमानानं लिहा, बाकीच्यांना दाखवता येईल. नसेल तर फक्त "नाही" एवढंच लिहा. जखमी झालेल्या माणसाचं नाव मात्र टाकू नका. नोकरी त्याची जाईल, स्टुलाचा पाय तसाच राहील.