श्रेय एकट्या जंतूंचे नव्हे!

झाडाची पाने तळ्यात पडली, तर पुढे त्यांचे काय होते? परीक्षेत तुम्ही चटकन लिहाल, ‘सूक्ष्मजंतू ती कुजवतात.’ गुरुजी पुरे गुणही देतील. उत्तर चूक नाही. पण माझ्या मते ते अपुरे आहे. त्यात दोन कामकऱ्यांची नावे राहून गेली आहेत. एक सूर्यप्रकाश आणि दुसरे लोह.

पाने भिजली, की त्यांतील काही सेंद्रिय द्रव्ये पाण्यात विरघळतात व पाण्याला चहासारखा रंग येतो. ब्राझीलमधील रिओ निग्रो, म्हणजे ‘काळी नदी’, अशाच द्रव्यांमुळे काळसर दिसते. या द्रव्यांना लोहाची मोठी ओढ असते. पूर्वी आपल्याकडे हिरडा व हिराकस यांची काळी शाई करीत. हिरड्यातील टॅनिन आणि हिराकशीतील लोह यांच्या जोडीचाच तो रंग! तळ्याच्या पाण्यातही अशा जोड्या जमतात.

आता त्यांवर ऊन पडले, की काय होते पाहा. प्रकाशाच्या ऊर्जेने सेंद्रिय रेणूतील इलेक्ट्रॉन लोहाकडे जातो. फेरिक लोहाचे फेरस लोह बनते. रेणू मोडतो व कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. उन्हामुळे पाण्यात किंचित हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होते. फेरस लोहाशी त्याची गाठ पडली, की हायड्रॉक्सिल मूलक हा अतिशय क्रियाशील कण जन्मतो आणि भेटेल त्या रेणूवर तुटून पडतो. लोह व पेरॉक्साइड यांची ही करामत फेंटन या इंग्रज रसायनज्ञाने १८९४ साली प्रसिद्ध केली. त्याने ती टार्टारिक आम्लावर पाहिली होती. आपल्या चिंचेला आंबट करणारे आम्ल ते हेच! या झटापटीत लोह संपत नाही. ते पुन्हा फेरिक होऊन नव्याने कामाला लागते. मोठ्या रेणूंचे लहान तुकडे झाले, की जंतूंनाही ते खाणे सोपे जाते.

कोणी म्हणेल, रंगीत पाण्यात अतिनील किरण फार खोल जात नाहीत. मग एवढे कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे. खोलवरचे काम जंतूंचेच. परंतु स्वीडन, फिनलंडमधील अनेक सरोवरे गेल्या काही दशकांत अधिक तपकिरी झाली आहेत. त्यांतला किती कार्बन हवेत जाणार, हा हिशेब सूर्याला वगळून कसा मांडणार? म्हणून कुजण्याच्या धड्यात एक वाक्य वाढवावे, असे मला वाटते.

पण केवळ माझ्या शब्दावर विसंबू नका. वाळलेली पाने दोन दिवस पाण्यात भिजवा. पाणी गाळून दोन सारख्या काचेच्या बाटल्यांत भरा व बुचे लावा. एका बाटलीला चांदीचा कागद पूर्ण गुंडाळा. दोन्ही काही आठवडे उन्हात ठेवा आणि मग रंग ताडून पाहा. (ते पाणी पिऊ मात्र नका!) जंतू दोन्ही बाटल्यांत असतील, ऊन मात्र एकीतच शिरेल. मग श्रेय कोणाचे, ते तुम्हीच ठरवा.