मॉकअपचं ओझं

फायनल इयरला झोपायचं नसतं. हे आमच्या कॉलेजात कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. फाउंडेशनच्या पोरांना सीनिअर सांगतात, सर कौतुकाने सांगतात, आणि पहाटे चार वाजता कटिंग मॅट आणि चहाच्या कपाची स्टोरी टाकून आम्हीही तेच सांगत असतो. जागण्याबद्दल माझी तक्रार नाही. जागून आम्ही जे करतो त्याबद्दल आहे.

काय करतो? कॅम्पेन करतो. बाजारात नसलेल्या, कधी येणारही नसलेल्या कॉफीच्या ब्रँडचा लोगो. मग त्याचं मॅन्युअल, कागदी पिशवी, टोपी, टी-शर्ट, होर्डिंग, बस शेल्टर. शेल्टर युरोपातलं, कारण फुकटच्या मॉकअपमध्ये तेच मिळतं. मागे बर्फ पडलेला, पुढे लांब कोट घातलेली बाई. नाव इंग्रजीत, टॅगलाइन इंग्रजीत. एका लोगोच्या चाळीस चिकटवाचिकटव्या झाल्या की त्याला ‘एक्झिक्यूशन’ म्हणतात आणि त्यांच्या संख्येवर मार्क मिळतात.

मी राहते सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्यात. डोक्यावरून विमानं, पायाखाली नाला, आणि घर म्हणजे एक खोली. तिथे ए-टू आकाराचा बोर्ड उभा करायचा तर आधी कोणाला तरी बाहेर जावं लागतं. ज्युरी ‘फिनिश’ बघते. फिनिश म्हणजे सनबोर्ड, मॅट लॅमिनेशन, महागडा कागद आणि ते सगळं न दुमडता लोकलने नेण्याची सोय. ज्याच्या घरी टेबल आहे आणि ज्याला कॅब परवडते, त्याचं फिनिश आपोआप चांगलं येतं. याला गुणवत्ता म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग ती आमच्या हाताची नाही, घराच्या चौरस फुटांची आहे.

तरी हेही मी सोसलं असतं, जर त्या चाळीस वस्तूंतून मला माझ्या रस्त्यावरची एक पाटी नीट करता आली असती. ती आली नसती. कारण ती पाटी देवनागरीत आहे.

२०२२ मध्ये दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात बदल झाला. लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत असंही ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, आणि २८ नोव्हेंबरपासून महापालिकेची कारवाई सुरू झाली. या निमित्ताने मुंबईभर नव्या पाट्या चढल्या. कोणत्याही शहरातल्या डिझाइन कॉलेजांना याहून मोठा प्रोजेक्ट कोणी आयता आणून देत नाही. आमच्या वर्गात त्या वेळी काय चालू होतं? कॉफी.

पाट्या केल्या त्या फ्लेक्सवाल्यांनी. वाकोला ब्रिजवरून दत्तमंदिर रोडला वळा आणि मान वर करून चाला. एका पाटीवर ‘क्लिनिक’मधली पहिली वेलांटी घरंगळून ‘ल’च्या पुढे गेलीय. एका ठिकाणी ‘फर्निचर’चा रफार वाट चुकलाय. एका सलूनच्या पाटीवर इंग्रजी अक्षरांसारखी जागा सोडायच्या नादात शिरोरेषा प्रत्येक अक्षराला तुटलीय. शब्द वाचताना दात पडलेल्या माणसाचं बोलणं ऐकल्यासारखं वाटतं. बऱ्याच ठिकाणी उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसलेत.

यावर हसणारी रील्स मी पाहिलीत. मला त्यांचा राग येतो. आमच्या इथल्या फ्लेक्सवाल्या दादांकडे मी बरेच तास बसलेय. जुनं कोरल, जुनेच फॉण्ट, समोर गिऱ्हाईक उभं, आणि संध्याकाळपर्यंत पाटी हवी. मी त्यांना विचारलं, “दादा, ही वेलांटी अशी का पडते?” ते म्हणाले, “ताई, मोबाइलवर नाव पाठवतात ते इथे टाकलं की फुटतं. मग मी तुकडे जोडतो. तुमच्या कॉलेजात हे शिकवतात ना?”

नाही शिकवत. खरं तर सांगायला पाच मिनिटं लागतात. इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा कंपोजर निवडला नाही, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जात नाही आणि जोडाक्षरं फुटतात. ती सेटिंग कुठे आहे हे मला चौथ्या वर्षी कळलं, तेही यूट्यूबवरून. चार वर्षांत हेल्व्हेटिकाचा इतिहास मात्र मी तीनदा लिहिलाय.

आणि ही झाली फक्त सेटिंग. पुढचे प्रश्न खरे आहेत. कायदा म्हणतो मराठी लहान नको. पण लहान म्हणजे काय? इंग्रजी कॅपिटल अक्षराची उंची सरळ मोजता येते. देवनागरीत शिरोरेषेवर मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, खाली उकार. दोन्ही लिप्या एकाच पॉइंट साइजला लावल्या, तर या वरखालच्या जागेपायी देवनागरीचं मूळ अक्षर बहुतेकदा बारीक दिसतं. मग मोजायचं कुठून कुठपर्यंत? महापालिकेचा माणूस पट्टी कुठे लावणार? यावर अख्खा सेमिस्टर जाऊ शकतो. किंवा ‘ल’ घ्या. मराठी वळणाचा ‘ल’ वेगळा, हिंदी वळणाचा वेगळा, ‘श’चंही तसंच. चांगल्या फॉण्टांत दोन्ही असतात, भाषा मराठी निवडली की आपला मिळतो. हे वाचताना तुमच्या फोनवर कोणता दिसतोय ते बघा. माझ्या वर्गातल्या बहुतेकांना असा काही फरक असतो हेच माहीत नाही, आणि ते सगळे जुलैत ‘व्हिज्युअल डिझायनर’ होणार आहेत.

कॉलेज म्हणेल, देवनागरी शिकवतो की! हो, २७ फेब्रुवारीला. मराठी भाषा गौरव दिनाला ब्रश निघतात, अक्षरांतून गणपती उमटतो, पोस्टर लागतात, फोटो होतात. आमच्याकडे देवनागरी सणाची पैठणी आहे. रोज नेसायचं लुगडं कोणी बघत नाही. वीजबिल, औषधाची चिठ्ठी, बँकेच्या ॲपमधलं बटण, रेशन दुकानाचा फलक: बारीक आकारात, घाईत वाचली जाणारी मराठी. कॅलिग्राफी सुंदरच आहे. पण तिच्याने गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर हे माझ्या आजीला वाचता येत नाही.

आणि हे कुठल्या शहरात, तर मुंबईत! जावजी दादाजींच्या निर्णयसागरने एकोणिसाव्या शतकात देवनागरीचे खिळे ओतले ते इथेच. र. कृ. जोशी जाहिरात एजन्सीत काम करता करता अक्षरांचा अभ्यास करत राहिले, पवईच्या आयडीसीत शिकवलं, आणि विंडोजवर वर्षानुवर्षं दिसलेला ‘मंगल’ फॉण्ट त्यांनी केला. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या नावांना चेहरे दिले. पेपरातली जाहिरात बघून नाटक कसलं आहे ते कळायचं. मुंबईतल्याच ‘एक टाइप’च्या मंडळींचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ आज कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतो. माझ्या प्रेरणा विचारल्या की मी ही नावं सांगते. पॅनेलवरचं कोणीतरी मान हलवतं आणि विचारतं, “इंटरनॅशनल काही?”

मेहनतीशिवाय काही मिळत नाही, हे मला ऐकवू नका. या सगळ्यांनी आमच्यापेक्षा जास्तच मेहनत केली असेल. पण अक्षरावर केली, टोपीच्या मॉकअपवर नाही.

दुसरा युक्तिवाद नोकरीचा. नोकऱ्या इंग्रजीत आहेत म्हणे. वाकोल्यातून बीकेसी रिक्षाच्या अंतरावर आहे. तिथल्या बँकांच्या मराठी जाहिराती बघा. इंग्रजी मजकुरासाठी आखलेल्या चौकटीत मराठी वाक्य कोंबलेलं असतं, ओळ नको तिथे मोडते, रुकार कापला जातो. तिथे काम आहे. ते येणारी माणसं आम्ही तयार करत नाही, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. एक्झिक्यूशन चाळीसवरून पाचवर आणा. प्रिंट साध्या कागदावर, काळ्या-पांढऱ्यात चालू द्या. उरलेल्या वेळात प्रत्येक मुलाने आपल्या गल्लीतली एक पाटी, एक मेनूकार्ड, एक पावती खऱ्या माणसासाठी करावी, आणि ज्युरीने ती जिथे लागलीय तिथे येऊन बघावी. ‘टायपोग्राफी ज्याला हवी त्याने इलेक्टिव्ह घ्यावी’ हे उत्तर मला पुरत नाही. ज्या लिपीत गिऱ्हाईक नाव सांगतं, ती ऐच्छिक कशी?

माझ्या फायनल प्रोजेक्टचा विषय दत्तमंदिर रोडच्या पाट्या हा आहे. सिनॉप्सिस दोनदा परत आला. शेरा दोन्ही वेळा तोच, ‘स्कोप लहान आहे’. तिसऱ्यांदा देताना मी मजकूर बदललेला नाही. फक्त त्या क्लिनिकच्या पाटीचा फोटो पहिल्या पानावर लावलाय, आणि खाली दादांच्या दुकानाची वेळ लिहिलीय: सकाळी दहा ते रात्री नऊ, रविवारी अर्धा दिवस.