गुडघा झिजत नाही, पोखरला जातो

पन्नाशी उलटली आणि गुडघा कुरकुरू लागला, की शेजारीच निदान करून मोकळे होतात: वाट्या झिजल्या, वंगण संपलं, आता जिने टाळा. एक्स-रेत फट कमी झालेली दिसली की शिक्कामोर्तबच. बेअरिंग फिरून फिरून झिजतं तसा गुडघा चालून चालून झिजतो, असं हे म्हणणं. ते अगदीच निराधार नाही. वाढलेलं वजन आणि लिगामेंट फाटण्यासारखी दुखापत यांनी या संधिवाताचा धोका वाढतो, हे आम्हालाही मान्य.

पण मग लठ्ठ माणसांच्या बोटांच्या सांध्यांतही हा विकार जास्त का आढळतो? बोटांवर कोण चालतं? मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडलेल्यांच्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, पातळ होत जाते, ती कशानं झिजते?

केंब्रिजमध्ये ऑनर फेल आणि जब या संशोधकांनी 1977 मध्ये डुकराच्या कूर्चेचा तुकडा आणि सांध्याच्या आतल्या अस्तराचा तुकडा एकाच बशीत, पण एकमेकांना न टेकवता ठेवले. कूर्चेचा गाभा विरघळू लागला. पेशी आधीच मारून टाकलेली कूर्चा तशीच लांब ठेवली, तर ती शाबूत राहिली. बशीत ना वजन, ना घासणं. अस्तराकडून निरोप येत होता आणि कूर्चेच्याच जिवंत पेशी तो ऐकून स्वतःचं घर पाडत होत्या. तो निरोप मुख्यतः इंटरल्युकिन-1 या प्रथिनाचा, हे पुढे उमगलं. बेअरिंगचा नियम लावायचाच तर शस्त्रक्रियेनं बसवलेल्या धातू-पॉलिथिलीनच्या सांध्याला लावा. त्यात पेशी नसतात.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत. विरळ विखुरलेल्या पेशी आपापल्या कप्प्यात एकट्या बसलेल्या असतात. इंटरल्युकिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला चिकटतं, आत साखळी हलते, एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन केंद्रकात शिरतं आणि विकरांची जनुकं चालू होतात. एमएमपी-13 कोलॅजन कापतं, एडॅमटीएस-5 अ‍ॅग्रिकन तोडतं. पाणी धरून ठेवणारं अ‍ॅग्रिकन गेलं की कूर्चेचा ताठरपणाही जातो. 2005 मध्ये एडॅमटीएस-5 निकामी केलेल्या उंदरांचे सांधे शस्त्रक्रियेनं मुद्दाम अस्थिर केले, तरी कूर्चेची हानी बरीच कमी झाली. सांध्यावरचा ताण तोच. फक्त कात्री काढून घेतलेली.

यावर कुणी विचारील, मग इंटरल्युकिन रोखणारी औषधं या विकारात का फसली? फसली खरी. निरोप एकच नसतो, आणि रुग्ण दवाखान्यात पोचेतो बरीच पडझड झालेली असते. ही औषधं चालली नाहीत म्हणून झिजेचा सिद्धान्त सिद्ध होत नाही.

उलट भार हाही पेशीसाठी एक निरोपच आहे. बेताचा, लयीत पडणारा दाब दाहाचे संकेत दडपतो. अतिरेकी दाब ते भडकवतो. वजन उतरवण्यानं भार हलका होतोच, शिवाय चरबीतून सुटणारे दाहक रेणूही घटतात. म्हणून चालणं, मांडीचे व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणं हाच पहिला उपचार. गेलेली कूर्चा त्यानं परत येत नाही, पण दुखणं कमी होतं. ‘वंगण वाढवणाऱ्या’ ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांची 2006 मध्ये अमेरिकेत मोठी चाचणी झाली. एकंदर रुग्णांत त्या नकली गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. खप मात्र जोरात.

सांधा सुजून गरम झाला असेल तेव्हा चार दिवस दमानं घ्यावं, हे ठीक. पण चालणं बंद, जिने कायमचे बंद, असा सरसकट फतवा काढणाऱ्यांनी एवढं सांगावं: मांडीचा स्नायू वाळल्यावर त्या गुडघ्याला सावरणार कोण?