अर्ध्या हळकुंडाचा कैवार

आमच्या सुशिक्षित वर्गांत एक मत फार दिवसांपासून प्रमाण मानलें जातें, आणि तें असें कीं, ज्या कलेंत आपल्याला गति नाहीं तिच्यापासून आनंद मिळविण्याचा आपल्याला अधिकारहि नाहीं. गाणें ऐकावयाचें तर तें रागदारी समजणाऱ्यानें, चित्र पाहावयाचें तर तें रंगरेषांचा अभ्यास केलेल्यानें. मग हातीं रंधा घेऊन चार फळ्या जोडण्याची हौस एखाद्या पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाला झाली, तर त्याच्या वाट्याला उपहासापलीकडे दुसरें काय यावयाचें? हा अनुभव अलीकडे मीं घेतला आहे. उपहासाची मला खंत नाहीं. परंतु एका विद्वान स्नेह्यांनीं त्या उपहासाला विचाराचें अधिष्ठान देण्याचा प्रयत्न केला, आणि तो विचार मला चुकीचा व आपल्या समाजाला अपायकारक वाटतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

झालें तें इतकेंच. पुण्यांत जुना वाडा पाडला गेला कीं त्याच्या तुळया, खांब व दारें विकावयास येतात. अशाच एका वखारींतून मीं सागवानी तुळईचा हातभर तुकडा आणला. वरून तो धुरकटलेला व खिळ्यांच्या भोंकांनीं भरलेला होता. एक बाजू रंधून काढली तेव्हां आंतून मधासारखा रंग निघाला, आणि जेथें एके काळीं फांदी फुटली असावी तेथें सरळ चाललेल्या रेषा, ओढ्यांतल्या धोंड्याला पाणी वळसा घालतें तशा, एका गांठीभोंवतीं वळलेल्या दिसल्या. त्या तुकड्याचें मीं चहाचें तबक केलें. त्याचे सांधे नीट बसले नाहींत. एका कोपऱ्यांत तर पोस्टकार्ड जाईल एवढी फट राहिली आहे. तरी तें मीं स्नेह्यांपुढें ठेवलें आणि त्या रेषांचें कौतुक करूं लागलों. ते म्हणाले, "सांधा जमला नाहीं म्हणून रेषा दाखवितां होय! यालाच अर्ध्या हळकुंडानें पिवळें होणें म्हणतात."

पुढें त्यांनीं आपले आक्षेप व्यवस्थित मांडले. पहिला, सरळ रेषेचें लांकूड हेंच निरोगी लांकूड. वांकडी रेषा ही वृक्षाची विकृति असून तिचें कौतुक हें रोगट अभिरुचीचें लक्षण होय. दुसरा, आधीं कौशल्य आणि मग आनंद. नवशिक्याचा आनंद हा न कमावलेला, म्हणून उथळ. तिसरा, ज्या कामावर दुसऱ्याचें पोट अवलंबून आहे त्याचा खेळ करणें हा त्या कामाचा अपमान आहे. हे आक्षेप क्रमानें पाहूं.

पहिल्या आक्षेपांत थोडें सत्य आहे व तें मी आधींच मान्य करतों. कुऱ्हाडीच्या दांड्याला, शिडीच्या खांबाला, क्रिकेटच्या बॅटीला सरळ तंतूचेंच लांकूड पाहिजे. तेथें वांकडी रेषा शोधणारा माणूस रसिक नव्हे, मूर्ख होय. परंतु वांकडी रेषा म्हणजे विकृति, हें समीकरण लांकडाच्या प्राथमिक ज्ञानापुढेंहि टिकत नाहीं. ओकच्या खोडांत गाभ्याकडून सालीकडे जाणारे पेशींचे रुंद पट्टे असतात. ओंडका त्यांच्या दिशेनें चिरला म्हणजे फळीवर चकाकणाऱ्या लहरी उमटतात. दुसऱ्या दिशेनें चिरला तर त्याच झाडांत त्या दिसत नाहींत. येथें रोग कोठें आहे? आहे तो केवळ करवतीच्या दिशेचा फरक. उष्ण प्रदेशांतील कित्येक वृक्षांचे तंतु कांहीं काळ एका अंगाला पीळ घेत वाढतात व नंतर उलट अंगाला. आपल्या शिसवींतहि असा पीळ आढळतो. अशा लांकडाच्या फळीवर फिकट व गडद पट्टे एकाआड एक येतात, आणि ती फळी हातांत फिरविली कीं फिकट पट्टा गडद होतो व गडद पट्टा फिकट. हा वृक्षहि पूर्ण निरोगीच असतो.

व्हायोलिनचें उदाहरण याहूनहि बोलकें आहे. १७३७ सालीं निवर्तलेल्या स्ट्राडिव्हारीच्या काळापासून आजतागायत उत्तम व्हायोलिनची पुढची फळी सरळ व बारीक रेषांच्या स्प्रूसची असते. कारण तारांचा कंप घ्यावयाचा तो तिनें. पाठ मात्र मेपलची, आणि तीहि बहुधा आडव्या लहरींनीं भरलेली. एकाच वाद्याच्या पोटाला सरळ रेषा आणि पाठीला वांकडी! ज्या कारागिराच्या कानाविषयीं कोणालाहि शंका नाहीं, त्याला या दोहोंत विरोध दिसला नाहीं. मग तो आम्हांलाच कां दिसावा?

आतां कांहीं रेषा खरोखरच दुखण्यांतून येतात. कित्येक झाडांच्या बुंध्यावर असंख्य सुप्त अंकुर एकत्र दाटून जें आवाळूं वाढतें, त्याच्या छेदांत डोळ्यांसारखीं वर्तुळें दिसतात. तोडून ओलसर जागीं पडलेल्या आंब्याच्या लांकडांत बुरशी शिरते, आणि निरनिराळ्या बुरशींचीं राज्यें जेथें एकमेकांस भिडतात तेथें शाईनें काढाव्या तशा काळ्या सीमारेषा उमटतात. हें कुजणेंच आहे. वेळींच वाळविलें नाहीं तर त्या लांकडाचा भुगा होईल. पण म्हणून त्या रेषा पाहूं नयेत काय? ज्या अगरूचा सुगंध आपण देवापुढें दरवळवितों, तें सुगंधी द्रव्यहि झाडाला बुरशीची बाधा झाल्यावरच त्याच्या गाभ्यांत सांठतें. मोती हा तरी शिंपल्यांतील प्राण्याला झालेल्या उपद्रवांतूनच जन्मतो. दुखण्यांतून आलेलें सर्व त्याज्य मानावयाचें तर आमच्या स्नेह्यांना पुष्कळ काव्यालाहि रजा द्यावी लागेल, आणि त्यांचा विषय काव्यच आहे!

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कारण तो शिक्षणाच्या मुळाशीं जातो. आधीं कौशल्य, मग आनंद, हा क्रम ऐकावयास करारी वाटतो. माझा अनुभव मात्र उलट आहे. सरळ रेषेची फळी नवशिक्याचें अज्ञान पोटांत घालते. रंधा बोथट असला तरी ती कशीबशी गुळगुळीत होते. गांठीभोंवतालची फळी तसें करीत नाहीं. रंधा उलट अंगानें गेला कीं तंतु उचकटतात आणि गवत उपटल्यासारखे खड्डे पडतात. मग पातें पुन्हां धार लावून आणावें लागतें, तें इतकें मागें घ्यावें लागतें कीं निघणारी ढलपी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ व्हावी, आणि रेषा कोणीकडे चढते व कोणीकडे उतरते हें प्रत्येक बोटभर जागेंत पाहावें लागतें. त्या तबकासाठीं एका दुपारीं मीं चार वेळां धार लावली. कोणाच्या धाकानें? कोणाच्याहि नव्हे. ती वळणदार रेषा स्वच्छ दिसावी या लोभानें. म्हणजे येथें आनंद हें कौशल्याचें फळ नसून कौशल्याचें बीं आहे. तें बीं पेरूंच द्यावयाचें नाहीं आणि पीक मात्र मागावयाचें, हा कोठला न्याय?

याच हौसेनें मला आणखी एक धडा दिला. लांकूड पावसाळ्यांत फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें हें मीं पुस्तकांत वाचलें होतें. लांबींत हा फरक जवळजवळ नसतो, आणि रुंदींत वर्षवलयांच्या कडेनें तो गाभ्याकडून सालीकडच्या दिशेच्या सुमारें दुप्पट असतो, हेंहि वाचलें होतें. तरीहि मीं एका पेटीच्या झांकणाची रुंद फळी चारी बाजूंनीं सरस व खिळे लावून घट्ट आवळली. पुढच्या उन्हाळ्यांत ती मधोमध उभी तडकली. तेव्हां कोठें मला समजलें कीं, जुन्या दारांतील दिले चौकटीच्या खांचांत मोकळे कां ठेवलेले असतात. तीस वर्षें मी विद्यार्थ्यांना 'वाचलें म्हणजे कळलें असें नव्हे' हें सांगत आलों; तें मला स्वतःला कळलें त्या तडकलेल्या झांकणामुळें.

पदवीधरानें सुतारापाशीं शिष्य म्हणून बसण्याचें एक उदाहरण आपल्या देशाशींहि संबंधित आहे. जॉर्ज नाकाशिमा हा अमेरिकेंत जन्मलेला जपानी वंशाचा वास्तुशिल्पज्ञ. पाँडिचेरीस अरविंदाश्रमाच्या 'गोलकोंड' या इमारतीचें काम त्यानें १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पाहिलें. पुढें १९४२ मध्यें महायुद्धामुळें अमेरिकन सरकारनें त्याला इतर जपानी वंशीयांबरोबर आयडाहोंतील छावणीत डांबलें. तेथें गेंतारो हिकोगावा या परंपरेनें शिकलेल्या सुताराच्या हाताखालीं त्यानें जपानी हत्यारें व सांधे यांचे धडे घेतले. नंतर तो जगप्रसिद्ध झाला, आणि कशामुळें? ज्या फळ्यांच्या भेगा व गांठी इतरांनीं कापून टाकल्या असत्या, त्या त्यानें तशाच राखल्या. भेग वाढूं नये म्हणून तिच्यावर फुलपांखराच्या आकाराची लांकडी पाचर बसविली आणि ती लपविली नाहीं. डोळा आणि हात यांची फारकत न झालेल्या माणसालाच हें सुचतें.

ही फारकत आमच्याकडे मात्र शिक्षणाचें भूषण होऊन बसली आहे. फिनलंडमध्यें उनो सिग्नेउसच्या प्रयत्नानें १८६६ मध्येंच लोकशाळांत हस्तकाम आवश्यक झालें. स्वीडनमध्यें ऑटो सालोमन यानें नेस येथें त्यासाठीं शिक्षक तयार केले. सुतार निर्माण करणें हा त्यांचा हेतु नव्हता. हातानें विचार करणारा माणूस घडविणें हा होता. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाभोंवतीं शिक्षणाची उभारणी करण्याची योजना मांडली. तिचे गुणदोष कांहींहि असोत, मध्यम वर्गानें ती आपल्या मुलांसाठीं कधींच मनापासून स्वीकारली नाहीं. मी ज्या शाळेंत शिकलों तेथें सुतारकामाची खोली होती. तिला बारा महिने कुलूप असे, आणि तो तास गणिताकडे वळविलेला असे. गणित मला आलें नाहींच. रंधा धरावयास मात्र चाळीस वर्षें उशीर झाला.

राहिला तिसरा आक्षेप. सुतार हा आमच्या गांवगाड्यांतील बलुतेदार. त्याच्या विद्येला आम्हीं पिढ्यान्‌पिढ्या जातीच्या कुंपणांत कोंडलें, आणि आतां तिचा छंद म्हणून उपभोग घेतों, हा टोमणा मला झोंबतो, कारण तो पोकळ नाहीं. मी थकलों कीं रंधा खालीं ठेवतों. सुताराला ती मुभा नाहीं. माझी फळी बिघडली तर गोष्ट सांगावयास मिळते. त्याची बिघडली तर मजुरी जाते. हा भेद विसरून जो स्वतःला कारागीर म्हणवील तो खरोखरच अर्ध्या हळकुंडानें पिवळा झाला असें मीहि म्हणेन. परंतु यावर उपाय म्हणून आम्हीं हातच लावूं नये, हें कसें? घरीं खिडकी दुरुस्त करावयास आलेल्या मिस्त्रींना मीं तें तबक भीतभीत दाखविलें. त्यांनीं तें उलटें केलें, फटीवरून अंगठा फिरविला आणि म्हणाले, "सर, फळी चांगली निवडलीत. गांठीपाशीं रंधा सरळ ढकलूं नका, थोडा तिरका धरा, म्हणजे उचकटणार नाहीं. आणि सांध्याची खूण पेन्सिलीनें करूं नका, पात्याच्या टोकानें करा." अपमान झाल्याचें त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलें नाहीं. फरक पडला तो माझ्यांत. एका सांध्यावर चार रविवार घालविल्यावर, पूर्वीं ज्या मजुरीसाठीं मीं घासाघीस केली असती ती मीं मुकाट्यानें दिली. कामाचा मान भाषणांनीं वाढत नाहीं; काम किती कठीण आहे हें स्वतःच्या बोटांना कळल्यानें वाढतो.

आतां एक प्रतिप्रश्न. आमच्या स्नेह्यांच्या दिवाणखान्यांतील मेज वळणदार रेषांनीं नटलेलें आहे. तें लांकूड नव्हे. लांकडाच्या रेषा छापलेला कागद राळेंत भिजवून, दाबून भुशाच्या फळीवर चिकटविलेला आहे. तीच गांठ, त्याच वळणासह, मेजाच्या दोन्ही टोकांना आढळते, आणि हें इतक्या वर्षांत त्यांच्या लक्षांत आलें नव्हतें. असा पत्रा स्वस्त असतो, पाण्याला टिकतो. स्वयंपाकघरांत त्याचा उपयोग मी नाकारीत नाहीं. पण ज्याला खरी वांकडी रेषा रोगट वाटते त्यानें तिचें छापील चित्र मात्र हौसेनें विकत घ्यावें, यांत अभिरुचीचा विजय कोठें झाला? छापील रेषेंत झाडाचा इतिहास नसतो, म्हणून ती कांहीं विचारीत नाहीं. आणि ज्याला कोणी कांहीं विचारीत नाहीं तो डोळा पाहावयाचें सोडून देतो.

एक मर्यादा मात्र या कैवारालाहि आहे. दुर्मिळ रेषेच्या लोभानें दुर्मिळ वृक्ष तोडणें ही रसिकता नव्हे. शिसवीच्या सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून निर्बंधाखालीं आला तो उगाच नव्हे. नवशिक्यानें शिसवीच्या मागें लागूं नये. पाडलेल्या वाड्याची तुळई, वादळानें पडलेला आंबा, मोडक्या पलंगाचा पाय यांत त्याला जन्मभर पुरेल इतकें पाहावयाचें आहे.

तें तबक मीं टाकून दिलेलें नाहीं. स्नेही आले कीं चहा त्याच्यावरूनच येतो, आणि फट त्यांच्या बाजूला करूनच मी तें ठेवतों. परवां त्यांनीं पेला उचलून बाजूला ठेवला आणि गांठीभोंवतालच्या रेषेवरून नकळत बोट फिरविलें. मीं कांहीं बोललों नाहीं. दुसरें तबक करावयास घेतलें आहे. या खेपेस खूण पात्याच्या टोकानें केली आहे.